नांगर थोडा वर घ्या

गेल्या एप्रिलात मी आमच्या कूलरची पाती वाकवली.

कूलर म्हणजे दुकानात मिळतो तो प्लॅस्टिकचा गुळगुळीत नव्हे. पत्र्याचा, लोखंडी घोडीवर चढवून खिडकीला टेकवलेला, तीन बाजूंनी गवत भरलेला. फुलंब्रीत मार्च संपता संपता घरोघरी या पेट्या पोत्यांतून बाहेर निघतात. जुनं गवत उकिरड्यावर जातं, नवं येतं, वर्षभर गप्प बसलेल्या पंपाला टिचक्या मारून जागं केलं जातं आणि जून उजाडेपर्यंत घरातली सगळी माणसं त्या एका चौकोनाकडे तोंड करून जगतात.

आमचा कूलर वारा देत होता, पण त्यात जोर नव्हता. मी निवृत्त गणित शिक्षक. पात्याचा कोन वाढवला की प्रत्येक फेरीला हवा जास्त ढकलली जाईल, हे मला कागद न घेताच पटलं. पक्कड घेतली आणि पाचही पाती एकेक करून पिळली. बटण दाबलं. वारा खरोखर वाढला! मी घरात विजयी मुद्रेने हिंडलो. पंधराएक मिनिटांनी पंख्याचा सूर उतरायला लागला, शेवटच्या तासाला हजेरी देणाऱ्या मुलांसारखा. मग वार्निश जळाल्याचा वास आला.

मोटर घेऊन मिस्त्रींकडे गेलो. सिल्लोड रस्त्याला त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, तांब्याच्या तारेची रिळं आणि जळक्या गुंडाळ्यांचा ढीग. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरच्या मोटरी इथे भरायला येतात. मोटर भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. ज्याची विहीर आहे त्याला हे सांगावं लागत नाही. मिस्त्रींनी मोटर हातात घेतली, हुंगली, आणि बाहेरचं खाल्लं होतं का असं डॉक्टर विचारतात त्या आवाजात विचारलं, "पाती पिळली काय, सर?"

मी गप्प.

"मोटर चांगली होती. तुम्ही घास मोठा केला तिचा."

हे प्रकरण मी विसरलोही असतो. पण मे महिन्यात ओहायोहून भाच्याचा फोन आला. सकाळचे सात वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. "मामा, इंजिन जोर देत नाहीये." मला वाटलं, गाडीचं. तर विमानाचं. त्याने स्वतः बांधलेल्या विमानाचं.

हा मुलगा लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचा आणि गोठ्यातल्या पत्र्यावर चढून छत्री घेऊन उडी मारायचा. दिवसा संगणकाची नोकरी करून उरलेल्या वेळात त्याने तीन वर्षं घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचं विमान जोडलं. गाड्या बाहेर पावसात आणि विमान आत. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला कायद्याची मान्यता आहे, अट एवढीच की निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः केलेलं असलं पाहिजे. शिवाय चढायच्या जागेपाशी ठळक, किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' असं लिहावं लागतं. आमची ताई गेल्या वर्षी तिकडे गेली होती. तिने ती अक्षरं वाचली आणि बसायला साफ नकार दिला. प्रायोगिक म्हटलं की तिला नाटक आठवतं आणि नाटक म्हटलं की रिकाम्या खुर्च्या. इथे खुर्च्या दोनच, आणि त्यातलीही एक कायद्यानेच रिकामी. कारण भाच्याच्या विमानाला चाचणीचे ४० तास भरेपर्यंत प्रवासी बसवायची परवानगी नव्हती.

आपल्याकडे हे वेड कुणाला नाही असं समजू नका. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे सगळं सामान जिन्याने वर. २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' प्रदर्शन भरलं, तेव्हा ते विमान क्रेनने खाली उतरवलं. पुढे २०१७ साली नोंदणी, २०१९ साली उड्डाणाचा परवाना आणि मग धुळ्याच्या विमानतळावर चाचण्या. मी ही हकिकत दहावीच्या वर्गात सांगितली होती, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग त्यांच्या कुरडया कुठे वाळत घालायचे?" मी त्या मुलाला उभं केलं खरं, पण प्रश्न रास्त होता. आमच्या गच्च्यांवर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते.

तर भाच्याचं इंजिन. रोटॅक्स नावाचं, ऑस्ट्रियात बनणारं, १०० अश्वशक्तीचं. पूर्ण जोर लावला की ते मिनिटाला ५,८०० फेऱ्या घेऊ शकतं, तेही जास्तीत जास्त पाच मिनिटं. पुढे ५,५०० वर चालवायचं. विमान जमिनीवर बांधून ठेवून पूर्ण जोर दिला तर फेऱ्या यापेक्षा थोड्या कमीच असतात, पण पाच हजारांच्या वर हव्यात. याच्या तबकडीवर काटा ४,७५० वर जाऊन थबकत होता. "आणि पिचचं काय?" असं त्याला तिकडच्या एका जाणत्या माणसाने विचारलं होतं, म्हणून तो वैतागला होता. पिच म्हटल्यावर मला नागपूरची खेळपट्टी आठवली. मी तसं बोललोही. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"मामा, पात्यांचा कोन."

माझ्या नाकात वार्निशचा वास भरला.

पण मामाचं ऐकतो तो भाचा कसला! शिवाय मामाकडे या विषयातला अनुभव होता, तो सांगण्यासारखा नव्हता. त्याने ठरवलं होतं की दोष इंजिनाचा. दहा दिवस तो इंजिनाच्या मागे लागला. चार सिलेंडरांचे आठ प्लग काढले, पुसले, बदलले. पेट्रोलची नळी सोडून बाटलीत किती वेळात किती येतं ते मोजलं. हवेची गाळणी झटकली. थ्रॉटलची तार शेवटपर्यंत ओढली जाते का ते बघितलं, कारण पुष्कळदा आपण मूठ पूर्ण दाबलेली असते आणि तिकडे झडप अर्धीच उघडलेली असते. (आमच्या शाळेत निरोप असेच पोचायचे.) या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असतात, एक डावीकडच्या दोन सिलेंडरांना, एक उजवीकडच्या. दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. एक पुढे आणि एक मागे राहिला तर इंजिन थरथरतं. हे मात्र त्याने मला सांगायची गरज नव्हती. बैलजोडीत एक अंगचोर निघाला की जू कसं तिरकं होतं ते मी वडिलांच्या मागे चालत पाहिलेलं आहे. त्याने दोन्ही कार्ब्युरेटर जुळवले. इंजिन गोड चालायला लागलं. काटा ४,७५० वर.

मग त्याला शंका आली ती काट्याचीच. ही शंका शहाणपणाची. इंजिन धडधाकट असतं आणि तबकडी खोटं बोलत असते, असं विमानवाल्यांच्या जगात वरचेवर घडतं. त्याने पात्यांकडे रोखून धरायचं, प्रकाशावर चालणारं एक मापक मागवलं. समोरून पातं गेलं की ते मोजतं. मापकाने आकडा दाखवला, तो गिअरच्या हिशेबाने गुणला, तर इंजिनाच्या फेऱ्या निघाल्या सात हजारांवर. एवढ्या फेऱ्या म्हणजे इंजिन मोडीत. भाच्याने घाबरून चावी काढली आणि मला फोन केला. रात्री दीड वाजता.

"किती पाती आहेत तुझ्या पंख्याला?" मी झोपेत विचारलं.

"तीन."

"आणि मापकाला किती सांगितलीस?"

मापक दोन पात्यांवर लावलेलं होतं. म्हणजे उत्तर दीडपट येणार. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्रैराशिकाचा इतक्या दूरवर झालेला हा एकमेव उपयोग. दीडने भागलं आणि आकडा निघाला ४,७५०. तबकडी सज्जन होती.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो. कूलरची मोटर आणायची होती, आणि विषय पोटात राहत नव्हता. मी सगळं सांगितलं. रोटॅक्स म्हटल्यावर ते म्हणाले, "रोटा? रोटा मारायला विमान कशाला?" आमच्याकडे रोटा म्हणजे ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी तार गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं आणि मोटरवाल्याचा पहिला प्रश्न विचारला.

"मोकळी फिरवून पाहिली का?"

मोटर दबत असेल तर तिचा पंप सोडवून नुसती फिरवायची. मोकळी नीट फिरली तर खोट मोटरमध्ये नाही, लोडमध्ये आहे. साधी गोष्ट. पण विमानाच्या इंजिनाचा पंखा काढून ते पूर्ण जोरात चालवता येत नाही. धरायला काहीच नसलं की ते फेऱ्या वाढवत सुटतं आणि स्वतःला फोडून घेतं. हे मी त्यांना अर्ध्या रात्रीच्या ज्ञानावर समजावलं.

"मग पूरा नका काढू. कमी करून पाहा." त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथे एक ट्रॅक्टर पलटी नांगर घेऊन उभा होता. "नांगर खोल लागला की ट्रॅक्टर काय करतो? काळा धूर टाकतो, दबतो, बंद पडू राहतो. मग काय आपण इंजिन खोलतो? हायड्रोलिक उचलून नांगर थोडा वर घेतो. त्याला म्हणा, नांगर वर घे."

मी मोटर काखेत मारून घरी आलो. गणिताच्या माणसाला उदाहरण पुरत नाही, त्याला आकृती लागते. विमानाचा पंखा म्हणजे हवेत फिरणारा स्क्रू. स्क्रूला आटे असतात. एक पूर्ण फेरी मारली की तो एक आटा पुढे सरकतो. पिच म्हणजे हाच आटा. लाकडी पंख्यावर '७२ × ४६' असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा टोकापासून टोकापर्यंतची लांबी, दुसरा आटा, दोन्ही इंचांत. म्हणजे हवा लाकडासारखी घट्ट असती तर हा पंखा एका फेरीत ४६ इंच पुढे गेला असता. मिनिटाला २,४०० फेऱ्या धरल्या तर तासाला १६८ किलोमीटर होतात, कागदावर. हवा काही लाकूड नाही, ती घसरते. पण मोह होतो तो इथेच. आटा मोठा करा, एका फेरीत जास्त अंतर कापा, वेग वाढवा!

यात फसगत अशी की आटा मोठा असलेला पंखा उभ्या विमानाला ओढायला लागतो, तेव्हा त्याची पाती हवेला जवळजवळ आडवी पडतात. हवा कापली न जाता नुसती ढवळली जाते. सायकल जड गिअरमध्ये टाकून उभ्या चढावर पहिलं पायडल मारण्यासारखं. आणि पंख्याचं खाणंही घनाच्या हिशेबाने वाढतं. फेऱ्या पाचच टक्के वाढवायच्या तर ताकद सुमारे सोळा टक्के जास्त लागते. त्यामुळे इंजिन एका ठिकाणी येऊन हात टेकतं. आणि फेऱ्या कमी म्हणजे इंजिनाची ताकदही कमी, कारण त्याचे सगळे घोडे वरच्या फेऱ्यांवरच बांधलेले असतात. इंजिन अशक्त दिसतं, पण ते अशक्त नसतं. त्याला धावायला जागाच मिळालेली नसते.

भाचा राहतो त्या ओहायोतच डेटन आहे, राइट बंधूंचं गाव. त्यांनाही या पंख्याने छळलं होतं. जहाजांच्या पंख्यांचं शास्त्र वाचून आपलं काम भागेल अशी त्यांची समजूत होती. शोधायला गेले तर जहाजवालेही करून बघण्यावरच चालले होते. मग दोघं भाऊ स्वतःच वाद घालत बसले. वाद इतका लांबायचा की शेवटी याचं म्हणणं त्याला पटलेलं असायचं आणि त्याचं याला, भांडण मात्र तिथल्या तिथेच. (आमच्या सोसायटीच्या सभेत निम्मंच घडतं.) त्यातून त्यांना सुचलं की पंखा म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच. त्यांचं इंजिन अवघ्या बाराएक अश्वशक्तीचं, आजच्या मोटरसायकलीएवढं. त्यांनी ते दमदार करायच्या भानगडीत न पडता हाताने तासलेले दोन मोठे लाकडी पंखे चेनीने हळू फिरवले आणि १७ डिसेंबर १९०३ला उडाले. जे मिळालं त्यातलं वाया कमी घालवलं, एवढंच.

हे सगळं मी भाच्याला लिहून पाठवलं, नांगरासकट. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, आवाज जरा खाली. कुठल्याशा माणसाने आपल्या विमानाचा वेग याला फुशारकीने सांगितला होता, म्हणून याने पाती बसवतानाच कोन दोन अंशांनी जास्त ठेवला होता. आणि मग तो विसरून गेला होता. इंजिनाचे आठ प्लग काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने लावलेले दोन अंश आठवत नाहीत, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. पक्कड माझ्या टेबलावरच होती.

मिस्त्रींचा एक प्रश्न मात्र मी त्याला त्याच फोनवर विचारला. विमान बांधून पंखा पूर्ण फिरवतात तेव्हा समोर कोण उभं असतं? मिस्त्रींनी तो विचारला होता त्याला कारण होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुणाने स्वतः जोडलेलं हेलिकॉप्टर चाचणीसाठी सुरू केलं आणि तुटलेल्या पात्याने त्याचाच जीव घेतला. मोबाइलवर ती बातमी आमच्याकडे सगळ्यांनी पाहिली. फुलंब्री आणि फुलसावंगी, नावं जवळची, म्हणून आमच्या चौकात पहिल्यांदा तर लोकांना ते इथलंच वाटलं. मिस्त्रींनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं होतं, असं ते बोलण्याच्या ओघात म्हणाले. भाच्याने सांगितलं, चाकांना अडण्या, शेपूट दोराने खांबाला, आणि पात्यांच्या रेषेत कुणीही नाही. मी हे पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

नंतरचं काम त्याने व्हिडिओवर दाखवलं. मधल्या तुंब्यावरचे बोल्ट सैल केले. पात्याच्या टोकापासून ठरावीक अंतरावर खूण केली. त्या खुणेवर कोनमापक ठेवला. कोनमापक! माझ्या कंपास पेटीतला अर्धगोल नव्हे, आकडे दाखवणारा, पण जातीने तोच. 'सर, याचा आयुष्यात काय उपयोग?' म्हणून विचारणाऱ्या पोरांच्या किती पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या. त्या सगळ्यांना मी फुलंब्रीच्या ओट्यावर बसून मनातल्या मनात उत्तर दिलं. दोन अंश कमी. तिन्ही पाती अगदी सारखी हवीत, अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरक राहिला तरी सगळं विमान हिंव भरल्यासारखं कापतं. मग बोल्ट पुन्हा ठरल्या दाबाने आवळले. दोर, खांब, पूर्ण जोर. काटा ४,७५० ओलांडून गेला आणि ५,२०० च्या जरा वर जाऊन उभा राहिला. भाचा ओरडला, तेव्हा इंजिनाच्या आवाजात काही कळलं नाही, पण तोंड उघडलेलं दिसलं.

"मामा, फुलंब्रीला आणलं तर उडेल ना हे?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब केला. संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर. त्या उंचीला हवेचं पुस्तकी तापमान ११ अंश असायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४२. वरच्या ३१ अंशांपैकी प्रत्येक अंश विमानाला साधारण १२० फूट उंच नेऊन ठेवतो. गोळाबेरीज ५,६०० फूट. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी विमान धावपट्टीवर उभं असतं, पण त्याला वाटतं आपण कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी दोनशे फूट वर लटकलोय. हजार फुटांना तीन टक्के धरले तर शंभरातले सोळाएक घोडे लिंबाच्या सावलीत जाऊन बसणार. यात गंमत अशी की काटा हे सांगत नाही. इंजिन दमतं, पण पातळ हवा ढवळायला पंख्यालाही कमी लागतं, दोघांचा हिशेब जुळतो आणि फेऱ्या बऱ्याचशा तेवढ्याच दिसतात. धावपट्टी मात्र संपत येते. मी त्याला सांगितलं, दिवाळीनंतर आण, पहाटे.

मधल्या काळात आमच्या कूलरची पाती मीही सरळ केली. कोनमापक लावूनच केली, पण चार पाती जुळली आणि पाचवं काही केल्या मानेना. कूलर आता वारा देतो, मोटर गार राहते, फक्त रात्रभरात तो घोडीवरून बोटभर डावीकडे सरकतो. सकाळी उठून सौभाग्यवती त्याला खांद्याने परत जागेवर ढकलतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

विमान जूनमध्ये उडालं. त्याचा व्हिडिओ मी मिस्त्रींना दुकानात दाखवला. त्यांनी हात पुसून मोबाइल घेतला, विमान जमीन सोडतं तो तुकडा दोनदा मागे नेऊन पाहिला. तेवढ्यात भाच्याचाच निरोप आला, मी तो मोठ्याने वाचला. सगळं उत्तम आहे, चढतंही झकास, पण सरळ उडताना वेग आधीच्या हिशेबापेक्षा थोडा कमी पडतोय. तर अर्धाच अंश, जास्त नाही, अर्धाच, पुन्हा वाढवून पाहावा का, मिस्त्रीकाकांना विचारा.

मिस्त्री मोबाइल परत देऊन खाली बसले आणि तारेचं टोक शोधायला लागले.

"त्याला मोटर भरायचा रेट सांगून ठेवा," ते म्हणाले.